गाडी तापते तेव्हा: कारण कसं शोधायचं आणि दुरुस्ती कुठवर आपण करायची

तापमानाचा काटा वर सरकायला लागला की नवख्या माणसाच्या हातून दोन चुका हमखास होतात. "आता काय, आलंच जवळ" म्हणत तो गाडी तशीच रेटतो. नाहीतर घाईघाईनं थांबून बॉनेट उघडतो आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. पहिल्या चुकीत इंजिन जातं, दुसरीत हात आणि चेहरा भाजतो. म्हणून आधी रस्त्यावर काय करायचं ते सांगते आणि मग घरी, थंड इंजिनावर, कारण कसं शोधायचं ते.

काटा चढतोय आणि गाडी रस्त्यावर आहे

सगळ्यात आधी एसी बंद करा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो, त्यामुळे त्यानं तापवलेली हवाच रेडिएटरला मिळते. शिवाय कॉम्प्रेसरचा बोजा इंजिनावर पडतो तो वेगळाच. मग काचा खाली करा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण जोरात लावा. उकाड्यात हे नको वाटेल, पण हीटरचा कोअर म्हणजे डॅशबोर्डामागे दडलेला एक छोटा रेडिएटरच आहे. इंजिनातली थोडी उष्णता तो बाहेर काढतो, आणि तेवढ्यात तुम्हाला सुरक्षित जागी गाडी बाजूला घेता येते.

लाल दिवा लागला असेल, वाफ दिसत असेल किंवा काटा टोकाला भिडला असेल, तर दिसेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. इथे "आणखी थोडं" काही नसतं.

हीटरमधून गरम हवा येण्याऐवजी गार हवा येत असेल, तर ती सुटकेची खूण समजू नका. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, याचा अर्थ हीटरपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) पोचतच नाहीये. एक तर ते संपलंय, नाहीतर फिरायचं थांबलंय. अशा वेळी गाडी एक मिनिटही चालू ठेवू नका.

इंजिन बंद केल्यावर बॉनेटच्या कडेनं वाफ येत असेल, तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. उघडल्यावर पंख्यापासून हात लांब ठेवा, कारण इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. आणि मग थांबा. किमान अर्धा तास, जमलं तर तासभर.

झाकण का उघडायचं नाही, हे एकदा नीट समजून घेतलं की कायमचं लक्षात राहतं. कूलिंगची यंत्रणा बंद असते आणि झाकण आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. म्हणजे आतलं पाणी ११० अंशांवर असूनही शांत दिसतं. झाकण सैल केलं की दाब एका क्षणात उतरतो, आणि तेच पाणी त्याच क्षणी उकळायला लागतं. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण १६०० लिटर जागा लागते, आणि तिला बाहेर पडायला वाट एकच असते, तुमच्या चेहऱ्याच्या दिशेची. वरचा जाड होज पाइप जाड कापडातून दाबून बघा. तो कडक लागला तर आत दाब आहे. मऊ लागला आणि इंजिनाला हात लावता येण्याइतकं ते निवलं असेल, तर झाकणावर जाड कापड टाकून, तोंड बाजूला ठेवून, पाव वळसा फिरवा, फसफस थांबू द्या आणि मगच पूर्ण काढा.

रस्त्यावर कूलंट मिळालं नाही तर साधं पिण्याचं पाणी चालतं. ते निवलेल्या इंजिनात, हळूहळू ओता. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की ब्लॉकला (इंजिनाचा मुख्य धातूचा सांगाडा) किंवा हेडला (त्यावर बसणारा वरचा भाग) तडा जाऊ शकतो. ओतलेलं पाणी खालून लगेच वाहून जात असेल, तर गाडी चालवायचा विचार सोडा आणि ओढून न्या.

काटा खाली आला म्हणजे संकट टळलं असं नाही

हे मी स्वतः महाग पडल्यावर शिकले. माझ्या पहिल्या गाडीचा काटा एका लांब चढावर लाल रेघेपाशी गेला आणि पाचेक मिनिटांत आपणहून खाली आला. मला हायसं वाटलं, मी पुढे निघाले. सहा-सात किलोमीटरवर गाडीची ओढ कमी झाली, इंजिन खडखडायला लागलं आणि मग बंदच पडलं. हेड वाकलं होतं.

झालं होतं असं: तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो आणि तो त्या द्रवाचं तापमान मोजतो. कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो, आणि भोवतीची धातू धगधगत असतानाही काटा खाली येतो. त्यामुळे चढलेला काटा कारणाशिवाय झपकन उतरला, तर तो चढलेल्या काट्याइतकाच गंभीर इशारा माना.

दुसरी गोष्ट अशी की आजच्या बऱ्याच गाड्यांतला काटा खरं तापमान दाखवतच नाही. साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो मधोमध बसून राहील अशीच त्याची रचना केलेली असते, चालकानं उगाच घाबरू नये म्हणून. तो मधून हलला तेव्हा इंजिन आधीच बरंच तापलेलं असतं. काही गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. म्हणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि मोबाइलला जोडला जाणारा छोटा ओबीडी स्कॅनर जवळ असावा असं माझं आग्रहाचं मत आहे. त्यावर खरा आकडा दिसतो. चालून गरम झालेल्या बहुतेक इंजिनांत तो ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान खालीवर होत असतो. त्यावर पी०२१७ कोड आला तर इंजिनानं तापण्याची मर्यादा ओलांडल्याची नोंद आहे. पी०११७ किंवा पी०११८ आला तर आधी सेन्सर आणि त्याच्या वायरी बघा, कदाचित गाडी तापतच नसेल.

आत काय चालतं

जळालेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश उष्णता कूलंट वाहून नेतं. पंप त्याला ब्लॉकमधून, हेडमधून फिरवतो. इंजिन गार असतं तेव्हा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडमीट होणारी झडप, बंद असतो आणि कूलंट आतल्या आतच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर तापून कामाच्या तापमानाला येतं. ८२ ते ९२ अंशांच्या आसपास (प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा) थर्मोस्टॅट उघडायला लागतो, कूलंट वरच्या पाइपानं रेडिएटरमध्ये जातं, तिथे हवेनं निवतं आणि खालच्या पाइपानं पंपाकडे परत येतं. गाडी वेगात असेल तर समोरची हवा पुरते. थांबलेली असेल तर पंखा ओढतो.

म्हणजे पुरेसं कूलंट हवं, ते फिरायला हवं, रेडिएटरमधून हवा जायला हवी आणि दाब टिकायला हवा. यातलं काय बिघडलं ते शोधायचं, एवढंच काम आहे.

नेमकी कधी तापते, ते आधी आठवा

पान्याला हात लावण्याआधी वही घ्या. गाडी कधी तापते याच्यातच निम्मं निदान असतं, आणि गॅरेजमध्ये गेलात तरी ही माहिती तुमच्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही.

सिग्नलला, गर्दीत, उभ्या गाडीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा उतरतो? मग संशय पंख्यावर. वेगात असताना हवा आपोआप मिळते, म्हणून तिथे त्याचा दोष झाकला जातो.

याच्या उलट, गर्दीत ठीक पण वेगात किंवा चढावर तापते, तर कूलंट पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर आतून-बाहेरून चोंदलाय. खालचा होज पाइप पंपाच्या ओढीनं आत चेपला जात असेल, तरीही असंच होतं.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा सरळ वर जातो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, कूलंट फार कमी आहे, किंवा आत हवा धरलीय. एसी लावल्यावरच तापते, तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट कचऱ्यानं भरलेली आहे का ते बघा. आणि नुकतंच कूलंट बदललं, त्यानंतर तापायला लागली, तर बाकी काही शोधण्याआधी आत अडकलेली हवा काढा, ती कशी ते पुढे येतंच.

थंड इंजिनावरची तपासणी

हे सकाळी करा, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. सपाट जागा, एक टॉर्च आणि जुनं कापड, एवढं पुरे.

आधी पातळी. प्लास्टिकच्या टाकीवर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात, कूलंट त्यांच्यामध्ये हवं. रेडिएटरला वेगळं झाकण असेल, तर तेही उघडून आत बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं बऱ्याचदा सापडतं. झाकणातली उलटी झडप खराब झाली की इंजिन निवताना टाकीतलं कूलंट परत ओढलं जात नाही. आत बोट घालून बघा. विटकरी गाळ लागला तर आत गंज आहे. बोटाला तेलकट तवंग लागला तर मामला मोठा असू शकतो, त्याकडे पुढे येते.

पातळी कमी असेल तर एक गोष्ट ठामपणे मनात धरा: कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. बंद यंत्रणेत ते वर्षानुवर्षं तेवढंच राहायला हवं. कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलंय. दर आठवड्याला बाटलीभर ओतून गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या अनेकांना ती गळती नेमकी चढावर, भर उन्हात गाठते.

आता गळती शोधा. ओला थेंब दिसेलच असं नाही, कारण गरम इंजिनावर पडलेलं कूलंट वाळून जातं. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. वाळलेल्या कूलंटचा हिरवट, गुलाबी किंवा पांढुरका पापुद्रा राहतो, नखानं खरवडला की भुकटी पडते. माझ्या एका गाडीत चार महिने गळती सापडत नव्हती. शेवटी टॉर्च तिरका धरला तेव्हा रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीवर, जिथे ती ॲल्युमिनियमच्या जाळीला पत्र्याच्या दातांनी आवळून बसवलेली असते तिथे, केसाएवढी गुलाबी रेघ दिसली. गार असताना ती शिवण कोरडी ठणठणीत असायची. दाब चढला की तिथून बारीक फवारा उडायचा आणि पंखा तो उडवून लावायचा, खाली थेंबही पडायचा नाही.

ती शिवण, होजची टोकं, त्यांच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचं घर आणि वॉटर पंप, या जागा क्रमानं बघा. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून कूलंट पाझरतं. त्या भोकाखाली ओघळाचा डाग दिसला की पंप बदलायची वेळ आली. गाडीच्या आत पुढच्या पायघड्या ओल्या लागत असतील, काचेवर चिकट धुकं धरत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरचा कोअर गळतोय. एसीखाली ठिबकणारं पाणी मात्र निव्वळ पाणी असतं, त्याला ना वास, ना बुळबुळीतपणा.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा. हा हातपंप झाकणाच्या जागी बसतो. झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरा आणि पंधरा मिनिटं काटा बघा. उतरला तर गळती आहे, आणि इंजिन थंड असल्यामुळे ती न वाळता समोर दिसते. त्याच टेस्टरवर झाकणही तपासता येतं. झाकणाचं रबर कडक झालेलं किंवा चिरलेलं दिसलं तर टेस्टची वाटही बघू नका, त्याच दाबाचं नवं लावा.

होज पाइप हातानं दाबून बघा. चांगला होज लवचीक लागतो. फार मऊ, फुगलेला किंवा दाबल्यावर आत करकरणारा होज बदलायचा.

पंखा तपासणं सोपं आहे. इंजिन सुरू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग फ्यूजच्या डब्यातला रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच). शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल (बऱ्याचदा हॉर्नचा असतो) तर अदलाबदल करून बघा. तरीही नाही, तर इंजिन बंद करून, पंख्याचं सॉकेट काढून मोटरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. फिरला तर मोटर ठीक आहे आणि दोष वायरी, रिले किंवा सेन्सरमध्ये आहे. नाही फिरला तर मोटर गेली. अनेक गाड्यांत तापमानाच्या सेन्सरचं सॉकेट काढलं की कंट्रोल युनिट खबरदारी म्हणून पंखा लावून ठेवतं, तोही एक चांगला तपास आहे. पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर पट्टा सैल किंवा भेगाळलेला नाही ना, ते बघा.

रेडिएटरची जाळी समोरून स्वच्छ दिसते आणि माणूस फसतो. कचरा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे साचतो: किडे, पानं, धूळ, पिसं. वरून टॉर्च घालून बघा. धुवायचं असेल तर साध्या नळीनं, इंजिनाच्या बाजूकडून पुढे. जोरदार प्रेशरचं पाणी जवळून मारलं की ॲल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या वाकतात आणि हवेची वाट तुम्हीच बंद करता.

थर्मोस्टॅट: हातानं ओळखा, पातेल्यात खात्री करा

गार इंजिन सुरू करा आणि वरच्या होजवर अधूनमधून हात ठेवा, पट्टा आणि पंख्यापासून बाही लांब ठेवून. सुरुवातीची काही मिनिटं तो गारच राहायला हवा. मग थर्मोस्टॅट उघडला की काही सेकंदांतच तो एकदम गरम होतो. काटा चढत गेला, इंजिन तापलं आणि होज अजून कोमटच, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा पंप कूलंट ढकलत नाहीये. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या होजवर करायची.

इंजिन निववून, थोडं कूलंट काढून घेतलं की थर्मोस्टॅट बाहेर येतो. घराचे दोन-तीन बोल्ट असतात, बस्स. त्याच्यावर तापमान कोरलेलं असतं, समजा ८८. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीनं असा लटकवा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. हे बघायला मला आजही आवडतं. त्याच्या पितळी कुपीत मेण भरलेलं असतं. पाणी ८० च्या पुढे गेलं तरी काही हलत नाही. मग ८८ च्या आसपास चकतीच्या कडेला कागदाएवढी फट दिसते, मेण वितळून फुगत जातं तशी ती रुंदावते, आणि आणखी दहा-बारा अंशांत चकती पूर्ण, जवळपास बोटाच्या नखाएवढी, सरकलेली असते. बाहेर काढला की निवताना तशीच सावकाश मिटते. उकळत्या पाण्यातही अर्धाच उघडला किंवा गार झाल्यावर फट राहिली, तर नवा घ्या. नवाही बसवण्याआधी असाच उकळून बघा.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. त्याच्या चकतीत बारीक भोक किंवा हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला यायला हवी, हवा तिथूनच निघते. जुनं गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून मधे बसवलेली पातळ पट्टी) प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, स्क्रू ड्रायव्हरनं नको, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून पुन्हा गळणार.

"थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी गार राहील" असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. इंजिन कामाच्या तापमानाला पोचत नाही, इंधन जास्त जातं, ऑइलमध्ये ओल साचून गाळ होतो. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकानं आतली आडवाट बंद करतो. तो नसला की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत जातं, आणि गाडी आणखी तापते.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

पूर्ण बदलायचं असेल तर इंजिन थंड असताना रेडिएटरचा खालचा नळ किंवा खालचा होज काढून ते रुंद भांड्यात घ्या. जमिनीवर सांडू देऊ नका, गटारातही ओतू नका. बहुतेक कूलंटमध्ये असणारं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. कुत्री, मांजरं ते चाटतात आणि मरतात. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि वापरलेलं तेल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या.

नवं कूलंट रंग बघून घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा यांचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा लिहिलाय तोच बाटलीवर शोधा. वेगवेगळ्या जातीची कूलंटं एकत्र केली तर गंज रोखणारी रसायनं निकामी होतात, कधीकधी चिकट गाळ तयार होतो. पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं खनिजविरहित पाणी. नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत खपल्या धरतात. "जास्त घातलं तर जास्त चांगलं" हेही खोटं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं, पण नुसतं ग्लायकॉल उणे १२-१३ लाच गोठतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. तयार मिश्रणाची बाटली असेल तर तिच्यात पाणी मिसळू नका.

आता हवा. नवख्यांची बहुतेक कामं इथेच फसतात. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला तर तिथली धातू कोरडी राहते, आणि सगळं नवं घालूनही गाडी तापते. गाडीचं नाक थोडं चढावर येईल अशी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडथळे लावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे त्याची वाट उघडी राहील. कूलंट बारीक धारेनं ओता आणि मधेमधे वरचा होज दाबत राहा, बुडबुडे येताना ऐकू येतील. पाइपांच्या सगळ्यात उंच जागी हवा काढायचा छोटा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. झाकण न लावता इंजिन सुरू करा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. कूलंट कडेला चढून उतू जायला लागलं तर लगेच झाकण लावा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा, झाकण लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन दोनदा बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून सलग गरम हवा येतेय का बघा. मधेच गार झुळूक आली तर हवा अजून आहे. पूर्ण निवू द्या आणि पुन्हा पातळी बघा.

हेड गॅस्केटचा संशय

बाहेर कुठेच गळती नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, तर हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट उडून ते आत जळतंय का हे बघायला हवं. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज कडक होतो, कारण सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये घुसतोय. टाकीत सतत बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, इंजिन गरम झाल्यावरही. थंड सकाळी थोडा वेळ दिसणारी वाफ वेगळी, ती प्रत्येक गाडीला येते. ऑइलच्या पट्टीवर पांढुरका फेस दिसतो. नुसत्या ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा फेस असेल तर तो छोट्या छोट्या फेऱ्यांमुळेही धरतो, पट्टीवरचा मात्र गंभीर.

खात्रीसाठी गॅरेजमध्ये एक साधी परीक्षा होते. कूलंटच्या वरची हवा निळ्या द्रवातून ओढतात, तिच्यात जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. ती करून घेतल्याशिवाय हेड उघडायला होकार देऊ नका.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यानं घरी करू नये, असं मला वाटतं. पण करून घेताना लक्ष ठेवा. हेड सरळ आहे का, हे सरळपट्टी आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) मोजायला सांगा. अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरहून जास्त वाक चालत नाही, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून ते सपाट, करावं लागतं. ताण देऊन बसवायचे हेड बोल्ट असतील तर ते नवेच घालायचे आणि ठरलेल्या क्रमानं टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना) आवळायचे. आणि गॅस्केट उडालं कशामुळे, हे विचारा. पंखा, थर्मोस्टॅट, रेडिएटर तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवलं तर तेही उडतं.

गळती बुजवणारी भुकटी किंवा द्रव टाकीत ओतण्याबद्दल: आडवाटेला अडकलात आणि घरी पोचायचंय, एवढ्यापुरतं ठीक. ती गळतीबरोबर हीटरचा कोअर आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजवते, त्यामुळे पोचल्यावर ती धुऊन काढा आणि खरी दुरुस्ती करा.

काम झाल्यावर

टाकीवर, थंड इंजिनावर, कूलंटच्या पातळीला मार्करनं बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पहिल्यांदा गाडी जवळच, वीस-पंचवीस मिनिटं चालवा, परत येऊन पाच मिनिटं जागेवर उभी ठेवा आणि पंखा लागतो का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी रेघेच्या थोडी खाली दिसेल, ती उरलेली हवा निघाल्यामुळे. रेघेपर्यंत भरा. तिसऱ्या दिवशी आणि आठवड्यानंतर पुन्हा बघा. रेघेला टेकून असेल तर लांबचा प्रवास करायला हरकत नाही. पुन्हा खाली गेली असेल तर भरू नका, प्रेशर टेस्टर लावा.